ज्याची तबकडी, त्याचा हात

"हात मागं घ्या साहेब. ज्याची तबकडी, त्याचाच हात."

तुकाराम झांबरे हे इतक्या सहज म्हणाला की ते आपल्याला उद्देशून आहे हे निरंजन सबनिसांना आधी कळलंच नाही. त्यांची बोटं रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीपाशी पोचली होती. मी खुर्चीत अंग चोरलं. सबनीस मुंबईत जॅझ मंडळ चालवायचे; ते खास तिथून आले होते, माझ्या पत्रांमुळे आले होते, आणि आल्या आल्या त्यांना एका इंजिन ड्रायव्हरनं टोकलं होतं.

"आमच्याकडचा नियम आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "ज्यानं रेकॉर्ड आणली त्यानंच लावायची, त्यानंच उचलायची. म्हणजे, तसं काही फार मोठं कारण नाही."

"कारण आहे की," झांबरे म्हणाला. "मी एकदा मास्तरची सुट्टीबाई घासली होती."

"कोण?"

"बिली हॉलिडे," मी म्हणालो.

सबनीस मोकळेपणानं हसले. त्यांचं हसणं फार छान होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. त्यांनी हात मागं घेतला, रेशमी झब्ब्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाले, "उत्तम नियम. मुंबईत आमच्याकडेही हवा हा."

ही त्र्याहत्तर सालच्या दोन नोव्हेंबरची गोष्ट. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आर्मिंडा कुटिन्होबाईंच्या क्वार्टरमध्ये आम्ही बसलो होतो. बाई रेल्वेच्या बालवाडीत शिकवत. मी रेल्वेच्याच शाळेत इतिहास शिकवत होतो आणि एकटा राहत होतो. झांबरे मेल गाडीचा ड्रायव्हर. दर रविवारी आम्ही तिघं बाईंकडे जमून जॅझ ऐकायचो. गावात कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगायचो नाही.

हा नाद आम्हाला लावला तो बाईंच्या नवऱ्यानं. व्हिसेंत कुटिन्हो मेलचा गार्ड होता आणि शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, नाचाला ट्रम्पेट वाजवायचा. मुंबईची फेरी झाली की त्याच्या गार्डच्या पेटीतून हिरव्या झेंड्यात गुंडाळलेली एखादी रेकॉर्ड निघायची. लुई आर्मस्ट्राँग आमच्या गावात असा झेंड्यातून आला. झांबरे त्याला लुईभाऊ म्हणायचा. मी इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात पुस्तक उघडून बसायचो आणि मागच्या हॉलमधली तालीम ऐकायचो. पान उलटत नाही हे व्हिसेंतच्या लक्षात आलं आणि एक दिवस त्यानं मला हाताला धरून आत नेलं. मी आपणहून कधीच गेलो नसतो.

व्हिसेंत अचानक गेला. छातीत कळ आली आणि संपलं. त्याच्या वाजवण्यातलं जगात एवढंच उरलं होतं: एक तबकडी. एका सिग्नल इंजिनिअरनं शनिवारच्या नाचात टेप रेकॉर्डर लावला होता, आणि बदली होऊन जाण्याआधी त्यानं मुंबईत त्या टेपवरून एकुलती एक तबकडी कापून घेऊन व्हिसेंतला दिली होती. ती दुकानातल्या रेकॉर्डसारखी टणक नव्हती. लाखेचा थर होता, मऊ. सुई फिरली की थोडी झिजायची. म्हणून बाई ती वर्षातून एकदाच लावायच्या, दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी. सकाळी दफनभूमीत मेणबत्त्या लावून यायच्या, हात धुवायच्या आणि तबकडी काढायच्या.

त्या दिवशीही त्यांनी तशीच काढली. सुई टेकवली आणि शेजारी उभ्या राहिल्या.

आधी नुसती खरखर. मग लाकडी फरशीवर नाचणारे पाय ऐकू येतात, ड्रम सुरू होतो, पियानो येतो, आणि त्या दोघांच्या मधून वाट काढत व्हिसेंत. धून त्याची स्वतःची होती. नाव ठेवलं होतं 'डाउन मेल'. मला संगीतातलं शास्त्र कळत नाही, त्यामुळे नीट सांगता येणार नाही, पण तो सूर असा यायचा की जणू कुणी घाईत नसलेला माणूस घाईच्या जागी चालत निघाला आहे. मध्यावर सगळा बँड एकदम थांबतो. पायसुद्धा थांबतात. आणि त्या शांततेत बाहेरून, रुळांवरून, इंजिनाची शिट्टी येते. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. शिट्टी विरते न विरते तोच व्हिसेंत एकटा तेच तीन सूर ट्रम्पेटवर परत देतो. शेवटचा सूर मात्र किंचित खाली उतरवून. दारात उभं राहून कुणी "जाऊन ये" म्हणावं तसा. मग बँड पुन्हा सुरू.

शिट्टीच्या जागी झांबरेचा उजवा हात नेहमीप्रमाणे वर गेला आणि त्यानं हवेतली साखळी ओढली. ती शिट्टी त्याची होती. त्या संध्याकाळी मेल घेऊन तोच इन्स्टिट्यूटसमोरून गेला होता.

तबकडी संपली. बाईंनी सुई उचलली. सबनिसांचे डोळे ओले झाले होते, आणि ते खोटं होतं असं मला अजूनही म्हणवत नाही.

"ही शिट्टी ठरवून होती?" त्यांनी विचारलं.

"ठरवून," झांबरे म्हणाला. "गार्डसाहेबांनी सांगितलं होतं, समोरून जाशील तेव्हा मार."

"कायपण सांगू नकोस, तुकाराम," बाई म्हणाल्या. "ती आपोआप आली. तू तर रोजच वाजवायचास, बैल आडवा आला तरी."

"मग बँड बरोब्बर तिथंच कसा थांबला?"

"बँड तिथं नेहमी थांबायचा. तू पहिल्यांदा वेळेवर आलास."

हा वाद दरवर्षी व्हायचा. व्हिसेंतनं जिवंतपणी त्याचा निकाल दिला नव्हता.

सबनीस मात्र हसले नाहीत. ते तबकडीकडे वाकून बघत होते, हात मागं बांधून. "बाई, याच्या कडा उतरायला लागल्यात. तुम्ही वर्षातून एकदा लावता तरीही. अजून काही वर्षांनी नुसती खरखर राहील. मला पंधरा दिवस द्या. आमच्याकडे चांगली यंत्रं आहेत. मी टेपवर उतरवून घेतो आणि दोन्ही परत पाठवतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "फालकबाब, तुमी काय म्हणता?"

"मला यंत्रातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"मास्तरला कशाला विचारता," झांबरे म्हणाला. "ते स्वतःचं नावसुद्धा 'बहुतेक दिगंबर' असं सांगतात. बाई, मी सांगतो. देऊ नका."

"का रे?"

"आपला नियम."

"नियमानं ती वाचणार आहे का?" सबनीस हळुवारपणे म्हणाले. "टेप झाली की तुम्ही रोज ऐकू शकाल."

"रोज?" बाई म्हणाल्या.

"रोज."

त्या शब्दापुढे झांबरेचं काही चाललं नाही. बाईंनी तबकडी व्हिसेंतच्या जुन्या हिरव्या झेंड्यात गुंडाळून सबनिसांच्या हातात दिली.

महिन्याभरानं पार्सल आलं. त्यात ना तबकडी होती, ना टेप. दोन नव्याकोऱ्या परदेशी एलपी होत्या, पारदर्शक वेष्टणातल्या, आणि चिठ्ठी. तबकडी प्रवासातच तडकली होती, उघडताना दुभंगली, टेप करण्याची संधीच मिळाली नाही, या दुःखाची भरपाई होणं शक्य नाही, तरी एका रसिकाकडून ही अल्पशी भेट. अक्षर सुंदर होतं.

बाईंनी चिठ्ठी घडी करून ठेवली. एलपींचं वेष्टणसुद्धा काढलं नाही.

"त्यातली एक एलिंग्टनची आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

"असेल. ती त्यांची आहे. मी हात का लावू?"

पुढच्या दोन नोव्हेंबरला आम्ही जमलो नाही. झांबरेनं ड्यूटी मागून घेतली. संध्याकाळी त्याची मेल कॉलनीसमोरून गेली तेव्हा त्यानं शिट्टी मारली, एक लांब, एक आखूड, एक लांब. मी खिडकीत होतो. बाईंच्या क्वार्टरचं दार उघडलं, त्या पायरीवर आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि आत गेल्या.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मुंबईच्या वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. सबनिसांच्या जॅझ मंडळाची रविवारी सकाळची बैठक, फोर्टमधल्या अमुक इमारतीत, सर्वांना प्रवेश खुला. मी ती बाईंना वाचून दाखवली, आणि लगेच वाटलं, उगीच दाखवली.

"जाऊ या," बाई म्हणाल्या. "या दोन त्यांना परत देते. आणि तुकडे मागून घेते."

"तुकडे?"

"तबकडीचे. फुटली म्हणतात, तर तुकडे असतीलच ना."

झांबरेला रजा मिळाली नाही. तो आम्हाला गाडीवर पोचवायला आला होता. खिडकीतून म्हणाला, "मास्तर, तिथं बोला बरं का काही. नाहीतर पूर्ण बैठकभर मान हलवत बसाल."

"मी काय बोलणार?"

"काहीबी बोला. पण मोठ्यानं."

ती खोली एका जाहिरात कंपनीच्या वरच्या मजल्यावर होती. चाळीसेक खुर्च्या, समोर टेबलावर मोठा स्पूलचा टेप रेकॉर्डर. माणसं चांगल्या कपड्यांतली, एकमेकांना ओळखणारी. कुणी नुकत्याच हाती आलेल्या लेस्टर यंगबद्दल बोलत होतं, कुणी दुसऱ्याला रेकॉर्ड दाखवत होतं, कडा धरून, आमच्यासारखंच. क्षणभर मला बरं वाटलं. मी आयुष्यात इतके जॅझवाले एकत्र पाहिले नव्हते.

सबनिसांनी आम्हाला पाहिलं आणि ते थबकले. पण लगेच पुढे आले. "अरे वा, फालकसर. बाई, तुम्ही. कळवायचं तरी."

"मी तुकडे न्यायला आले," बाई म्हणाल्या.

"कसले?"

"तबकडीचे."

"अहो, ते..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ते टाकून दिले. त्यांचा काय उपयोग?"

"माणूस मेला तरी हाडं देतात घरच्यांना. आणि झेंडा?"

"झेंडा?"

"हिरवा. त्यात गुंडाळून दिली होती."

"शोधतो मी. नक्की शोधतो. बसा ना, आता सुरूच करतोय." आणि ते गेले. एलपी बाईंच्या पिशवीतच राहिल्या. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो.

त्यांच्या मंडळाची एक रीत होती. सबनिसांनी ती मला पूर्वी पत्रातून कळवली होती आणि मला आवडलीही होती. ध्वनिमुद्रण कुणाचं हे न सांगता एकदा ऐकवायचं. मग सगळ्यांनी ओळखायचा प्रयत्न करायचा. मग पुन्हा ऐकायचं आणि शेवटी नाव सांगायचं.

"आज मी जे ऐकवणार आहे," सबनीस म्हणाले, "ते माझ्या हाती योगायोगानं लागलं. लंडनची एक कंपनी जगभरातल्या हरवलेल्या जॅझ मुद्रणांचा संच काढते आहे. त्यात आपल्या देशातलं हे एकच जाईल. अधिक बोलत नाही."

स्पूल फिरू लागलं. खरखर. लाकडी फरशीवरचे पाय. ड्रम.

मी खुर्चीत सावरून बसलो. पण मी स्वतःला म्हटलं, दिगंबर, थांब. तू हे चार-पाच वेळाच ऐकलं आहेस, वर्षातून एकदा. ड्रम सगळीकडे असतो. पाय सगळीकडे असतात. ट्रम्पेट आलं, घाईच्या जागी घाई नसलेलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावरून काहीच कळेना. बँड थांबला. पाय थांबले.

शिट्टी आली नाही.

त्या जागी काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती. म्हणजे हे ते नव्हे, मी चुकलो, नेहमीसारखाच चुकलो, असं मनात येऊन मला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्या रिकाम्या जागेनंतर ट्रम्पेटनं तीन सूर दिले. एक लांब, एक आखूड, एक लांब, शेवटचा किंचित खाली.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त ओठ हलले. "व्हिसेंत."

धून संपल्यावर टाळ्या झाल्या. मग अंदाज सुरू झाले. कुणी म्हणालं चाळीसचं दशक, मोठ्या हॉटेलचा ऑर्केस्ट्रा. काळा चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ पहिल्या रांगेत होते, त्यांना सगळे मान देत होते. ते म्हणाले, "ट्रम्पेट परदेशी माणसाचं असावं. आपल्याकडचा इतका मोकळा वाजवत नाही."

"फक्त एका ठिकाणी गडबड आहे," दुसरा कुणी म्हणाला. "तो थांबा येतो ना, त्यानंतर. ते तीन सूर भलतेच आहेत. आधीच्याशी संबंध नाही, नंतरच्याशी नाही."

"हो, मलाही खटकलं," काळ्या चष्म्यावाले म्हणाले. "तिथं चुकला तो."

सबनीस हसून म्हणाले, "असं होतं हो. नाचाच्या रात्री, हॉटेलात. प्यालेला असणार बिचारा."

खोली समजूतदारपणे हसली.

व्हिसेंत पीत नसे. गार्डनं प्यायची नसते, असं तो म्हणायचा. माझ्या मागं सगळी गाडी असते असं नाही, सगळी गाडी माझ्या पुढं असते, मला दिसली पाहिजे. इन्स्टिट्यूटच्या नाचात लोक त्याला ग्लास आणून द्यायचे आणि तो त्यात ट्रम्पेटचं तोंड धुवायचा. हे सगळं मला आठवलं आणि मी उभा राहिलो. कसा राहिलो ते माहीत नाही. खुर्चीचा मोठा आवाज झाला.

"हे भुसावळचं आहे," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"भुसावळचं. रेल्वे इन्स्टिट्यूटमधलं. ट्रम्पेट व्हिसेंत कुटिन्होंचं आहे. या त्यांच्या पत्नी."

"भुसावळ?" मागून एक आवाज आला. "म्हणजे केळीवालं?"

पुन्हा हसले. दुष्टपणे नाही, हे मी सांगायला हवं. पण हसले.

सबनिसांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडे ज्या मायेनं त्यांनी पाहिलं, ती माया मी विसरलेलो नाही. "फालकसर माझे मित्र आहेत. अतिशय हळवे रसिक. यांच्याकडे खरंच एक तबकडी होती, मी ऐकली आहे. दुर्दैवानं ती फुटली. सारखेपणा आहे, मान्य. पण सर, तुमच्या तबकडीवर मध्ये इंजिनाची शिट्टी होती. ठळक होती. हो ना?"

"हो."

"इथं कुणी शिट्टी ऐकली?"

कुणीच ऐकली नव्हती.

"बसा, सर. दुःखात असं होतं," ते म्हणाले.

आणि मी बसलो. मला पुरावा देता येत नव्हता. माझा पुरावा त्यांनी कापला होता, आणि तो नाही हाच त्यांचा पुरावा झाला होता. हे इतकं स्वच्छ होतं की माझे कान तापले. रागानं की लाजेनं, ते तेव्हा वेगळं करता आलं नाही. आज करता येतं. राग होता.

"फालकबाब," बाई अगदी हळू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "माजा व्हिसेंत प्यालेला नव्हता."

"मला माहीत आहे."

"यांना नाही म्हाईत."

सबनिसांनी टेप मागं घेऊन पुन्हा सुरू केली. दुसरी फेरी. लोक आता जाणकारीनं ऐकत होते, चुकीच्या जागेची वाट बघत. ड्रम, पियानो, ट्रम्पेट. मला झांबरेचा हात दिसायला लागला, बाईंच्या क्वार्टरमधला, हवेतली साखळी ओढायला वर गेलेला. बँड थांबला. पाय थांबले.

मी दोन्ही तळवे जोडून तोंडापाशी नेले आणि फुंकलं. शाळेत पहिलीतली पोरं गाडी-गाडी खेळताना करतात तसं. एक लांब. एक आखूड. एक लांब.

मी चौतीस वर्षांचा होतो, इतिहासाचा मास्तर होतो, आणि मुंबईतल्या चाळीस रसिकांमध्ये बसून इंजिन झालो होतो. आवाज किरटा होता. शेवटी फाटला. पण वेळेवर होता, कारण त्या जागी किती थांबायचं ते माझ्या अंगात होतं.

आणि ट्रम्पेटनं उत्तर दिलं. तेच तीन सूर, शेवटचा किंचित खाली.

कुणी हसलं नाही. ते लोक ऐकणारे होते, हे त्यांचं मान्य करायला हवं. ज्या सुरांना ते चूक म्हणत होते, ते सूर कुणाला उद्देशून होते ते त्यांना तत्क्षणी कळलं. काळ्या चष्म्यावाल्यांनी चष्मा काढला. टेप चालूच होती, बँड पुन्हा सुरू झाला होता, पण ते त्याकडे लक्ष न देता मागं वळले आणि मला म्हणाले, "पुन्हा करा."

"आता नाही," मी म्हणालो. "आता तो पुढं गेला."

बाई उठल्या होत्या. त्या टेबलापाशी जाऊन टेप रेकॉर्डरच्या शेजारी उभ्या राहिल्या, जशा घरी प्लेअरशेजारी राहायच्या.

"सबनीस, हा काय प्रकार आहे?" काळ्या चष्म्यावाले म्हणाले.

"सांगतो ना." सबनीस अजूनही सौम्य होते. "हे बघा, मी ते वाचवलं. भुसावळचा गार्ड म्हटलं असतं तर लंडनवाल्यांनी पाकीट तरी उघडलं असतं का? आणि शिट्टीमुळे ते नाचाच्या हॉलमधलं न वाटता फलाटावरचं वाटत होतं. मी कलेचा विचार केला."

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"बाई, आपण नंतर शांतपणे..."

"यांना नाव सांगा. दुसरी फेरी झाली की नाव सांगायचं असतं ना तुमच्याकडे."

"व्हिसेंत कुटिन्हो," सबनीस म्हणाले.

"मोठ्यानं. मागच्या बाकावर ऐकू जात नाही." बालवाडीत त्या ज्या आवाजात बोलत, तोच आवाज होता. रागाचा नव्हता. म्हणूनच बहुधा सबनिसांना टाळता आला नाही.

"व्हिसेंत कुटिन्हो."

"काय करायचा?"

"गार्ड होते. रेल्वेत."

"प्यायचा?"

सबनिसांनी काळ्या चष्म्यावाल्यांकडे पाहिलं.

"विचारलं मी."

"मला माहीत नाही."

"मग म्हाईत नाही असं म्हणायचं. आधीच."

एवढ्यात टेप संपली. फितीचं सुटं टोक फिरत्या स्पूलवर फटफट आपटू लागलं. सबनिसांचा हात सवयीनं पुढं झाला.

"हात मागं घ्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी घेतला. बाईंनी यंत्र कसं बंद करायचं ते नीट बघितलं, बटण दाबलं, स्पूल उचललं आणि पिशवीत ठेवलं. पिशवीतून त्या दोन एलपी काढून टेबलावर ठेवल्या, वेष्टणासकट. चाळीस माणसांतून कुणी त्यांना अडवलं नाही. कुणी आमच्याबरोबर उठलंही नाही. जिन्यात बाईंनी माझा दंड धरला. कुणी कुणाला सावरलं ते सांगता येणार नाही.

भुसावळला शाळेतल्या इंग्रजीच्या तासाचा टेप रेकॉर्डर मी मुख्याध्यापकांना विचारून आणला. झांबरे गणवेशातच आला. बाईंनी स्पूल लावलं. बँड थांबला तसा झांबरेचा हात वर गेला, आणि वरच राहिला.

"माझी शिट्टी कुठंय?"

बाईंनी यंत्र थांबवून फीत हातानं मागं घेतली. तपकिरी फितीत हातभर पांढरी, कोरी फीत जोडलेली होती. दोन्ही टोकांना बारीक चिकटपट्टी. काम सफाईचं होतं.

झांबरेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं त्या पांढऱ्या तुकड्यावरून बोट फिरवलं, काळं, कोळशानं कायमचं रंगलेलं बोट.

"एवढी लांब होती होय," तो म्हणाला. आणि मग, "इंजिन चोरलं भो यानं. माणूस तर चोरलाच."

सबनिसांकडे दुसरी प्रत होती. असणारच. दोन वर्षांनी लंडनचा तो संच निघाला. त्यात 'डाउन मेल' आहे, वेगळ्या नावानं, आणि मागच्या बाजूला छापलं आहे: ट्रम्पेट, अज्ञात. मी कंपनीला पत्रं लिहिली. पुरावा पाठवा, असं उत्तर आलं. ध्वनिमुद्रणातली एक हातभर शांतता पुरावा म्हणून कशी पाठवतात, ते मला कुणी सांगितलं नाही. मंडळातल्या चाळीस माणसांपैकी एकानंही कंपनीला ओळभर लिहिलं नाही. काळ्या चष्म्यावाल्यांनीसुद्धा नाही. अलीकडे एका पुतण्यानं मला त्याच्या फोनवर ते ऐकवलं. जगात हजारो लोकांनी ऐकलं आहे म्हणे. खाली कुणीतरी अभिप्राय लिहिला होता की मध्यावरचे ते तीन सूर चुकलेले आहेत, पण गोड आहेत.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी स्पूल माझ्या हातात दिलं आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला, नियम मोडू नये म्हणून. दोन नोव्हेंबरला मी ते लावतो. झांबरे नव्वदीला आला आहे, ऐकू कमी येतं, पण नातवाच्या स्कूटरवर बसून येतो. बँड थांबतो, पाय थांबतात, त्याचा हात वर जातो आणि मी तळवे तोंडापाशी नेतो.

"वाफ कमी पडतेय, मास्तर," तो दरवर्षी म्हणतो.

तोवर व्हिसेंतनं उत्तर दिलेलं असतं.